नऊ हजार फोटो आणि एक रिकामी भिंत: रेसिडेन्सीतल्या जागेत छायाचित्रकाराने करायचं काय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. चार वर्षं तुम्ही रात्रपाळीत काम करणाऱ्या माणसांचे फोटो काढताय. साधारण नऊ हजार फ्रेम्स झाल्या आहेत, सुरुवातीच्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवर आणि नंतरच्या डिजिटल. नोकरी सांभाळून हे चाललंय, स्वतःचा स्टुडिओ नाही, सगळं काम लॅपटॉपवर बघता. कामाची जागा देणाऱ्या रेसिडेन्सीला (कलाकाराला ठरावीक काळ काम करायला, बहुधा राहायलाही, जागा देणारी योजना) अर्ज करा, असं कुणीतरी सुचवलं. आता तुम्ही विचारताय, ‘माझं काम तर बाहेर होतं. मला खोली देऊन मी तिथे करू काय? आणि माझ्यासारख्या नवख्याला घेतात का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे. घेतात. कित्येक ठिकाणी जागा नवोदितांसाठीच राखलेल्या असतात, आणि तिथे नवोदित म्हणजे वयाने लहान असा अर्थ बहुधा नसतो. ज्याचं एकल प्रदर्शन झालेलं नाही, पुस्तक आलेलं नाही, ज्याच्या पाठीशी गॅलरी नाही, तो नवोदित. चार वर्षं एकच विषय धरून बसलेला माणूस निवड समितीला दिसला, की ती थांबून बघते. मी अशा समित्यांवर बसलोय, त्याआधी तीन रेसिडेन्सींमध्ये राहून काम केलंय, आणि मधली काही वर्षं एका ठिकाणची डार्करूम (फिल्म धुण्याची आणि हाताने प्रिंट काढण्याची अंधारी खोली) आणि प्रिंटिंगची खोली सांभाळली आहे. त्या अनुभवावरून सांगतोय.

पहिला प्रश्न मात्र जास्त महत्त्वाचा आहे. चित्रकाराला किंवा शिल्पकाराला जागा कशाला हवी, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. छायाचित्रकाराला वाटतं, आपला स्टुडिओ म्हणजे बाहेरचं जग. मग रेसिडेन्सी मिळाली की तो कॅमेरा गळ्यात अडकवून त्या नव्या गावात हिंडायला लागतो. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. चार आठवडे मिळाले होते, त्यातले तीन मी बाहेर फोटो काढण्यात घालवले. खोलीत एक लांबलचक पांढरी भिंत होती, तिच्यावर मी एकही प्रिंट लावली नाही. परतलो तेव्हा पिशवीत चाळीस नवे रोल होते, आणि ज्या जुन्या कामामुळे मला निवडलं होतं ते तसंच अर्धवट पडलेलं होतं. ते काम पुढे पूर्ण व्हायला सहा वर्षं लागली. त्या तीन आठवड्यांची हळहळ मला आजही आहे, म्हणून पुढचं सगळं इतकं पोटतिडकीने लिहितोय.

छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांचं उदाहरण घ्या. १९५५ मध्ये त्यांना गुगेनहाइम फेलोशिप, म्हणजे कामासाठीचं अनुदान, मिळाली, पुढच्या वर्षी ती वाढवून मिळाली, आणि गाडीने अमेरिका पालथी घालत त्यांनी ७६७ रोल काढले. २७,००० हून अधिक फ्रेम्स. ही गोष्ट सगळे सांगतात. त्यानंतर काय झालं, याकडे कमी लोक लक्ष देतात. त्यांनी कॉन्टॅक्ट शीट्सवर (एका कागदावर पूर्ण रोलच्या छोट्या प्रतिमा) खुणा केल्या, सुमारे एक हजार वर्कप्रिंट्स, म्हणजे निवडीसाठीच्या कच्च्या प्रिंट्स, काढल्या, त्या भिंतींवर लावून, जमिनीवर पसरून, गट पाडत पाडत निवडल्या. ‘द अमेरिकन्स’ या त्यांच्या पुस्तकात उरली ८३ छायाचित्रं. सत्तावीस हजारांपासून हजारापर्यंत येणं डोळ्यांवर आणि भिंगावर होऊ शकतं. हजारापासून त्र्याऐंशीपर्यंत यायला मात्र जागाच लागते. तुमच्या नऊ हजार फ्रेम्स आता नेमक्या त्या टप्प्यावर उभ्या आहेत.

लॅपटॉपवर हे का जमत नाही? पडद्यावर एक फोटो मोठा दिसतो तेव्हा बाकीचे गायब असतात, आणि सगळे एकत्र दिसतात तेव्हा ते नखाएवढे होतात. भिंतीवर लावलेली प्रिंट तुम्ही बघत नसतानाही तुमच्यासमोर असते. पाणी प्यायला उठलात, दाराकडे वळलात, की ती डोळ्यांच्या कडेला येते. जो फोटो काढतानाच मनात भरला होता तो पाचव्या दिवशी फिका पडतो, आणि केवळ जागा भरायला म्हणून लावलेला एखादा फोटो दर वेळी पाय थांबवतो. पुनरावृत्तीही भिंतच दाखवते. रात्रपाळीच्या कामात मान खाली घालून बसलेला माणूस तुमच्याकडे किती वेळा आलाय, हे फोल्डरमध्ये कळणार नाही. भिंतीवर अकरा माना एकदम दिसल्या, की त्यातल्या कुठल्या दोन ठेवायच्या हे कळायला लागतं.

आता रेसिडेन्सी कोणत्या प्रकारची हवी. या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि बहुतेक अर्ज फसतात ते इथेच. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरोचं मॅकडॉवेल १९०७ पासून चाललेलं आहे. रानात सुटे सुटे स्टुडिओ, दुपारचं जेवण टोपलीत घालून दारात ठेवून जातात, म्हणजे कामाची तंद्री मोडू नये. तिथे राहण्याचं शुल्क घेत नाहीत. साराटोगा स्प्रिंग्जचं याडो त्याच धाटणीचं. अशी ठिकाणं मुख्यतः एकांत देतात. ज्याला लिहायचंय, मांडणी ठरवायचीय, नुसतं बघत बसायचंय, त्याला ती सोन्यासारखी आहेत. पण मोठ्या आकाराच्या रंगीत प्रिंट्स काढायच्या असतील, तर निव्वळ एकांताने भागत नाही.

दुसरा प्रकार यंत्रसामग्री देणारा. अमेरिकेतल्याच सिराक्यूजचं लाइट वर्क १९७३ मध्ये सुरू झालं आणि ते छायाचित्रकारांसाठीच आहे. निवडलेल्या कलाकाराला महिनाभर राहायला घर, मानधन, आणि डार्करूम व डिजिटल लॅब चोवीस तास खुली. वर्षाच्या कलाकारांचं काम ‘कॉन्टॅक्ट शीट’ या त्यांच्या प्रकाशनात येतं. आजवर चारशेहून जास्त कलाकार तिथे राहून गेलेत. सिंडी शर्मन, कॅरी मे वीम्स, दाऊद बे ही नावं आज छायाचित्रणाच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहेत, पण ते तिथे गेले तेव्हा त्यांचं नाव आजच्याइतकं मोठं नव्हतं. तुमच्यासारख्या कामाला हा नमुना सर्वांत जवळचा, असं माझं मत आहे. स्कॅन, टेस्ट, प्रिंट, भिंत, परत टेस्ट, ही साखळी एका छपराखाली असली की महिन्यात जेवढं होतं, तेवढं बाहेरच्या लॅबमध्ये फेऱ्या मारून वर्षातही होत नाही.

तिसऱ्या प्रकारात राहायची सोय नसते, फक्त कामाची जागा असते. न्यूयॉर्कचा कॅमेरा क्लब १८८४ पासूनचा. आता तो बॅक्स्टर स्ट्रीट या नावाने ओळखला जातो, आणि नवोदित कलाकारांसाठी त्यांची वर्कस्पेस रेसिडेन्सी आहे. अशा ठिकाणी तुम्ही आपल्या घरी राहता, नोकरी करता, आणि ठरलेल्या महिन्यांत त्यांची जागा वापरता. नोकरी सोडणं शक्य नसलेल्या माणसाने आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात आधी याच प्रकारचं काही आहे का ते बघावं. परगावी जाऊन राहण्याचं आकर्षण मला समजतं, पण आठवड्यातल्या तीन संध्याकाळी आणि रविवार, असे सहा महिने मिळाले तर ते एका सलग महिन्यापेक्षा कमी नाहीत. मधल्या दिवसांत काम मुरतं.

याशिवाय लांब मुदतीच्या किंवा फार मोठ्या रेसिडेन्सी आहेत. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सअकादमीची मुदत दोन वर्षांपर्यंत जाते आणि तिथे प्रत्येक माध्यमाचे जाणकार तंत्रज्ञ हाताशी असतात. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचं स्टुडिओ म्युझियम १९६८ चं, त्याच्या नावातच स्टुडिओ आहे. पॅरिसची सिते एंतर्नासिओनाल दे झार १९६५ पासूनची, तिथे तीनशेहून जास्त राहण्या-काम करण्याच्या खोल्या आहेत. या जागा मोठ्या आहेत, पण पहिला अर्ज तिथे करू नका असं मी सांगेन. तिथल्या मुदतीत नवं काय करणार, हे त्यांना ऐकायचं असतं. तुम्हाला तर जुनं पुरं करायचं आहे.

म्हणून अर्जाच्या संकेतस्थळांकडे वळण्याआधी एका कागदावर लिहून काढा: माझं काम नेमकं कुठे अडलंय? तुम्ही लिहिलेल्या मजकुरावरून मला दोन ठिकाणं दिसतात. निवड हे एक, त्याबद्दल वर बोललो. दुसरं आहे रंग, आणि त्याचा तुम्ही ओझरता उल्लेख करून पुढे गेला आहात. चार वर्षांत तुमच्या जागांवरचे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, त्यामुळे जुने आणि नवे फोटो शेजारी शेजारी बसत नाहीत, असं तुम्ही म्हणता. ही अडचण खरी आहे आणि ती नुसत्या व्हाइट बॅलन्सने (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून करायची रंगदुरुस्ती) सुटत नाही. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा जवळजवळ सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या एकाच पिवळ्या पट्ट्यात असतो. जास्त दाबाच्या दिव्यात पट्टा थोडा रुंदावतो, तरी निळा आणि हिरवा तोकडाच राहतो. जो रंग दिव्यातच नव्हता तो निगेटिव्हवरही नाही आणि फाइलमध्येही नाही. ओढून ताणून त्वचा नैसर्गिक करायला गेलात की चेहरे मातकट होतात. तेव्हा प्रश्न सुधारण्याचा उरत नाही, स्वीकारण्याचा होतो: नारिंगी रात्र आणि निळसर पांढरी रात्र यांना एकमेकांशेजारी कसं बसवायचं? कदाचित तोच तुमच्या मालिकेचा कणा असेल. कामगार तेच, पाळी तीच, आणि चार वर्षांत त्यांच्यावर पडणारी रात्रच बदलली. पण हे कागदावर प्रिंट काढून, एका ठरावीक प्रकाशात शेजारी ठेवूनच समजेल. तुमच्या रेसिडेन्सीचं कारण हे आहे, आणि अर्जात लिहायचं तेही हेच.

आता जागेची चौकशी. ‘सुसज्ज डार्करूम आणि डिजिटल लॅब’ एवढ्या वाक्यावर विश्वास ठेवून निघू नका. एकदा मी अशाच वाक्यावर विसंबून गेलो होतो. त्या जागेचं नाव घेत नाही. पोचल्यावर कळलं की मोठा प्रिंटर दोन महिने बंद आहे आणि तंत्रज्ञ आठवड्यातून एकच दिवस येतो. दोष माझाही होता, मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून निघण्याआधी मी तिथल्या तंत्रज्ञाशी बोलायला मागतो, कार्यालयाशी नव्हे. कार्यालयाला यादी माहीत असते, तंत्रज्ञाला यंत्रांची तब्येत.

त्याला काय विचारायचं? स्कॅनर कुठला आहे आणि तो आत्ता चालतो का. जुने उत्तम फिल्म स्कॅनर अनेक ठिकाणी आहेत, पण ते जुन्या संगणकाला आणि जुन्या केबलला बांधलेले असतात. एक बिघडलं की सगळं ठप्प. पस्तीस मिलिमीटरची निगेटिव्ह ४,००० पीपीआयला (इंचाला इतके पिक्सेल) स्कॅन केली तर लांबीला साधारण ५,६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० पीपीआयने जवळजवळ १९ इंचांची प्रिंट. तुमच्या मालिकेला ते पुरे आहे. वेळ मात्र धरा. एका फ्रेमला पाच मिनिटं पकडली तर तीनशे फ्रेम्सना पंचवीस तास लागतात, धूळ पुसणं वेगळं. त्यामुळे शक्य तितकं स्कॅनिंग आधीच उरकून जा. तिथले दिवस स्कॅनरसमोर घालवण्यासाठी फार मोलाचे आहेत.

प्रिंटरबद्दल विचाराल तर रुंदी विचाराच, पण त्यात आत्ता कोणती काळी शाई भरलेली आहे तेही विचारा. काही यंत्रांत मॅट कागदाची काळी आणि चकचकीत कागदाची काळी यांची अदलाबदल करताना बरीच शाई वाया जाते, आणि सामायिक लॅबमध्ये तुमच्या एकट्यासाठी ती बदलतीलच असं नाही. कागद ठरवायच्या आधी हे माहीत हवं. शाई आणि कागदाचा खर्च कोण करतं? मर्यादा आहे का? त्यांच्याकडच्या कागदांची प्रोफाइल्स (त्या कागदावर रंग नीट उतरावेत म्हणूनच्या फाइल्स) तयार आहेत का? प्रिंट बघायला ५,००० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळचा, दिवा आहे का? हा शेवटचा प्रश्न तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. सोडियमची नारिंगी प्रिंट साध्या पिवळट बल्बखाली बघितलीत तर जे ठरवाल ते सगळं दिवसाच्या उजेडात मोडून पडेल.

काळ्यापांढऱ्यात हाताने प्रिंट काढायचा विचार असेल तर डार्करूममध्ये हवा खेळती आहे का ते आधी पाहा. फिक्सर आणि स्टॉप बाथ या रसायनांची वाफ आठ तास छातीत घेणं हे धैर्याचं लक्षण नाही. वापरलेला फिक्सर कुठे जातो हेही विचारा. त्यात चांदी विरघळलेली असते, तो मोरीत ओतायचा नसतो. ज्या जागेकडे या प्रश्नाचं सरळ उत्तर असतं, तिथली बाकीची व्यवस्थाही बहुधा नीट असते. वेळेचा हिशेबही करा. फायबर कागद (प्लॅस्टिकचा थर नसलेला) वॉश-एड, म्हणजे धुणं लवकर उरकणारं रसायन, न वापरता धुवायला तास लागतो, वर रात्रभर सुकणं आलं. आरसी कागद (प्लॅस्टिकचा थर असलेला) दोन-चार मिनिटांत धुऊन होतो. वर्कप्रिंट्ससाठी आरसी वापरा. एका चांगल्या दिवसात माझ्या हातून फायबरच्या चार, फार तर पाच पक्क्या प्रिंट्स निघतात. यापेक्षा जास्त धरून आखलेलं वेळापत्रक मी तरी कधी पाळलं गेलेलं पाहिलं नाही.

आणि भिंत. किती फूट आहे, खिळे-पिना टोचता येतात का, की चिकटपट्टीच चालते? चुंबक लावता येईल असा पत्रा आहे का? खोली फक्त तुमची की सामायिक? रात्री दहानंतर कुलूप लागतं का? यंत्रं एक वेळ दुसरीकडे भाड्याने मिळतील. भिंत भाड्याने मिळत नाही.

अर्जाकडे येऊ. बहुतेक ठिकाणी दहा ते वीस फोटो, एक निवेदन, कामाची थोडक्यात माहिती आणि एक-दोन शिफारशी मागतात. पहिल्या फेरीत परीक्षकाकडे एका अर्जासाठी काही मिनिटंच असतात. तो आधी फोटो बघतो आणि मग, थांबावंसं वाटलं तर, मजकूर वाचतो. म्हणून वीस फोटो मागितले तरी वीसही एकाच मालिकेतले द्या. लग्नाचे, प्रवासाचे, एखादं सुंदर निसर्गचित्र, यांतलं काही घालू नका. आपण अष्टपैलू आहोत हे दाखवण्याचा मोह नवख्यांना फार होतो, आणि समितीला त्यातून एवढंच कळतं की या माणसाला आपलं काम कोणतं ते अजून ठरवता आलेलं नाही. क्रमही विचारपूर्वक लावा. पहिले तीन फोटो दार उघडतात. सर्वांत चांगला फोटो शेवटी राखून ठेवू नका, तिथपर्यंत कुणी पोचेलच असं नाही. एकाच प्रसंगाचे दोन फोटो आले असतील तर एक काढाच.

निवेदनात कोणत्या वाक्यांवर समितीची नजर घसरते ते सांगतो. ‘मी प्रकाश आणि अंधार यांच्यातलं नातं शोधतो. या रेसिडेन्सीमुळे मला माझी कला समृद्ध करण्याची संधी मिळेल.’ हे कुणीही, कशाबद्दलही लिहू शकतो. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘चार वर्षं मी रात्रपाळीच्या कामगारांचे फोटो काढतोय. या काळात त्यांच्या जागांवरचे सोडियमचे दिवे जाऊन एलईडी आले. माझ्या जुन्या फ्रेम्स नारिंगी आहेत, नव्या निळसर. नऊ हजारांतून मी तीनशे निवडतोय. तुमच्या लॅबमध्ये त्यातल्या साठ प्रिंट्स काढून, दोन्ही रात्री एकाच भिंतीवर कशा नांदतात ते पाहून, चाळीसांची मालिका मला पक्की करायची आहे.’ यात सुंदर शब्द एकही नाही. पण काय झालंय, काय उरलंय, आणि ते त्याच जागी का होऊ शकतं, हे तिन्ही कळतं. मी परीक्षक असतो तर याला बोलावलं असतं.

शिफारसपत्र नामवंताकडून आणण्यापेक्षा तुमचं काम जवळून पाहिलेल्या माणसाकडून आणा. नामवंतांची दोन ओळींची गोड पत्रं समितीला लगेच ओळखू येतात.

पैशांबद्दल माझं मत ठाम आहे. अर्जाचं माफक शुल्क असतं, ते समजू शकतो. पण निवड झाल्यावर राहण्याचे, जागेचे, वर प्रदर्शनाचे पैसे मागणाऱ्या आणि स्वतःला प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या जागांपासून नवोदितांनी लांब राहावं. पैसे भरून जागा घेणं वाईट नाही, पण मग तिला भाड्याची खोली म्हणा आणि भाड्याच्या दराशी ताडून बघा. आधीचे कलाकार कोण, ते पुढे काय करतायत, हे शोधा आणि त्यातल्या एकदोघांना सरळ लिहून विचारा. बहुतेक जण मोकळेपणाने उत्तर देतात. रेस आर्टिस या १९९३ पासूनच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याच्या यादीत नाव असणं ही सुरुवात म्हणून ठीक, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. मानधन मिळत असेल तर त्यातून प्रवास, साहित्य, आणि बिनपगारी रजेचे दिवस वजा करून काय उरतं तेही आधीच मांडा.

करारात एक गोष्ट बारकाईने वाचा. कित्येक ठिकाणी जाताना एक-दोन प्रिंट्स त्यांच्या संग्रहाला द्यायच्या असतात. ही रीत चांगली आहे, तुमची प्रिंट नीट जपली जाते. पण प्रिंट देणं वेगळं आणि प्रतिमेचे हक्क देणं वेगळं. संस्थेला स्वतःच्या प्रसिद्धीसाठी प्रतिमा वापरू द्यायला हरकत नसावी. कुठल्याही कारणासाठी, कायमचा, कुणालाही पुढे देता येईल असा परवाना मागत असतील, तर ते कलम बदलून मागा. तुमच्या फोटोंतली माणसं कामावर असताना टिपलेली आहेत, त्यांच्या मालकाला ते फोटो कुठे दिसावेत आणि कुठे दिसू नयेत हा प्रश्न तुमच्या हातात राहिला पाहिजे. तुम्हाला फोटो काढू देणाऱ्या प्रत्येकाला विचारलंय का, काय सांगून विचारलंय, याची नोंद आता, आठवण ताजी आहे तोवर, करून ठेवा.

निवड झालीच, तर दिवस कसे घालवायचे? पहिल्या दोन दिवसांत सगळ्या छोट्या प्रिंट्स भिंतीवर चढवा आणि कुठलंही यंत्र सुरू करू नका. नुसतं बघा, हलवा, काढा, परत लावा. रोज संध्याकाळी भिंतीचा एक साधा फोटो काढून ठेवा. चौथ्या दिवशीची मांडणी पहिल्या दिवशीपेक्षा बरी होती हे दहाव्या दिवशी आठवत नाही, तो फोटो आठवण करून देतो. मग सहा फोटो निवडा, तीन सोडियमचे आणि तीन एलईडीचे, आणि फक्त त्यांच्या टेस्ट प्रिंट्स काढा. काढल्या काढल्या निर्णय देऊ नका. शाईला कागदावर स्थिर व्हायला वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. या सहांचा रंग एकमेकांशी जुळला की बाकीच्यांना मोजमाप मिळतं. ते जुळेपर्यंत सातवा फोटो हातात घेऊ नका. मी लॅब सांभाळत असताना बहुतेकांचे शेवटचे दिवस ओढाताणीचे का जायचे, त्याचं कारण हेच होतं. पन्नास प्रिंट्स काढून झाल्यावर त्यांना कळायचं की पहिल्या वीसांचा सूर वेगळाच लागलाय.

नवे फोटो काढायचेच असतील तर आठवड्यातला एक दिवस राखा. सोबत न धुतलेली फिल्म नेणार असाल तर विमानतळावर हाताने तपासायची विनंती करा. हातातल्या सामानासाठी आता आलेले सीटी स्कॅनर फिल्म खराब करतात, मंद गतीची फिल्मही त्यातून सुटत नाही.

तिथल्या इतर कलाकारांना खोलीत बोलवा, विशेषतः जे छायाचित्रकार नाहीत त्यांना. छायाचित्रकार तुम्हाला लेन्स विचारेल. कवी किंवा विणकाम करणारी एखादी कलाकार विचारेल, ‘यातली कुठली रात्र सगळ्यात लांब होती?’ माझ्या दुसऱ्या रेसिडेन्सीत एका संगीतकाराने माझी मालिका बघून एवढंच विचारलं होतं, ‘यात शांतता कुठे आहे?’ मी त्या रात्री नऊ प्रिंट्स उतरवल्या. समजावून सांगू नका, ते कुठे थांबतात ते बघा.

पहिल्या वर्षी नकार आला तर त्याच जागेला पुढच्या वर्षी परत अर्ज करा, मधल्या काळात काम किती पुढे गेलं ते दाखवून. समितीत परीक्षक बदलतात, आणि जुने असले तर त्यांना चिकाटी आठवते. मी स्वतः तिसऱ्या प्रयत्नात मिळालेल्या जागेवर सर्वांत चांगलं काम केलंय.

आणि उत्तराची वाट बघण्याच्या महिन्यांत एक काम घरीच उरकता येईल. नऊ हजारांतून तीनशे काढा, कुठल्याही साध्या दुकानातून चार बाय सहाच्या प्रिंट्स करून घ्या, मागे फाइलचा किंवा निगेटिव्हचा क्रमांक पेन्सिलने लिहा. जमिनीवर जेवढ्या मावतील तेवढ्याच एका वेळी पसरा, साधारण साठ. दोन सारख्या वाटल्या तर शेजारी ठेवून एक उचला आणि ‘नाही’च्या खोक्यात टाका, फेकू नका. ते खोकंही रेसिडेन्सीला सोबत न्या. मालिकेत एखादी फट राहिलेली असते, आणि ती भरणारा फोटो बहुतेक वेळा त्या खोक्यातच सापडतो.